वाचक विचारतात : राष्ट्रगीत म्हणायचं की नुसतं लावायचं?

ऑगस्ट तोंडावर आला की आमच्या ह्या सदराची टपाल बदलते. एरवी पेटीच्या भात्याला भोक पडलंय काय करू, पोरीला काळी चारमध्ये गाता येईना, असले प्रश्न असतात. ह्या खेपेला निम्म्याच्या वर पत्रं आणि मेसेज राष्ट्रगीतावर आलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम काढून टाकलीत, कारण बऱ्याच पत्रांत शेजाऱ्याची तक्रार आहे आणि तो शेजारीपण आपलाच वाचक निघायचा.

प्रश्न : मास्तर, आमच्या तालीम मंडळात दरवर्षी झेंडावंदनाला साऊंडवाला मोबाइलवरनं राष्ट्रगीत लावतो. ह्या २६ जानेवारीला झेंडा फडकला, सगळी सावधान झाली आणि स्पीकरमधनं आधी कुठल्यातरी मसाल्याची जाहिरात वाजली. पोरं हसायला लागली, जुनी माणसं तापली. आता पोरं म्हणत्यात ह्या वर्षी आपणच म्हणूया. पण जुन्यांना वाटतंय बेसूर झालं तर राष्ट्रगीताचा अपमान होईल. काय करावं? — एक कार्यकर्ता, मंगळवार पेठ

म्हणा की! विचारायचं काय त्यात. उलट मी म्हणतो तुमच्या पोरांचं बरोबर आहे आणि मोबाइलवर लावणाऱ्यांचंच जरा चुकतंय.

केंद्राच्या गृह मंत्रालयाचे राष्ट्रगीताबद्दल लेखी आदेश आहेत, ते फार कमी लोकांनी वाचलेत. त्यात परेड, राष्ट्रपती-राज्यपालांना सलामी असल्या ठिकाणी राष्ट्रगीत वाजवायचं असं आहे. पण झेंडा फडकवताना आणि परेड सोडून बाकीच्या समारंभात ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं आहे, समूहगान. आणि ते कसं करायचं तेपण सांगितलंय, की गाणाऱ्यांचा एक पुरेसा मोठा गट नीट जागेवर उभा करा, तो बँडबरोबर गाऊन तयार झालेला असू दे आणि त्यांचा आवाज सगळीकडं पोचेल अशी सोय करा म्हणजे जमलेली माणसं त्यांच्याबरोबर म्हणतील. म्हणजे सरकारला अपेक्षित आहे ते हे, लोकांनी तोंड उघडायचं. आपल्याकडं काय होतं, रेकॉर्ड लागली की ती इतकी भरगच्च, ऑर्केस्ट्रासकट वाजते की माणूस म्हणतो चाललंय की, आपण कशाला मधे, आणि दोनशे माणसं ओठ मिटून उभी.

बेसुराची भीती काढून टाका. १९७१ चा जो राष्ट्रसन्मानाच्या अपमानाविरुद्धचा कायदा आहे त्याचं कलम ३ सांगतं की जाणूनबुजून राष्ट्रगीत म्हणू न देणं किंवा म्हणणाऱ्या जमावात गोंधळ घालणं हा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सूर हुकला म्हणून शिक्षा असती तर अर्ध्या कोल्हापूरची रवानगी कळंब्याच्या जेलात झाली असती. पण म्हणून तयारी करायची नाही असंबी नाही हं, आणि इथंच माझं खरं म्हणणं आहे. लोक शिस्तीवर भांडतात, तयारीवर कोण बोलत नाही.

पहिलं म्हणजे पट्टी, सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा ते. राष्ट्रगीताची चाल बघितली तर खाली 'विधाता' म्हणताना मंद्र निषादाला, म्हणजे सा च्या खालच्या नी ला, जाऊन येते आणि वर पहिल्या 'जय हे' ला थेट तार षड्ज, वरचा सा. म्हणजे सप्तकभर पसारा आहे, गल्लीतल्या माणसाला तो सोपा नाही. आता होतं काय, उत्साहात कोणतरी पांढरी पाचला, म्हणजे बऱ्याच वरच्या पट्टीत, सुरू करतो, 'जन गण मन' खालीच असतं त्यामुळं काही वाटत नाही, 'पंजाब सिंध' ला मान ताणायला लागते आणि 'जय हे' आलं की बाप्यांचे आवाज फाटतात, निम्मे गप्प होतात आणि बाकीचे एकदम खालच्या सप्तकात उडी मारतात. हे होऊ द्यायचं नसंल तर पांढरी एक धरा, फार तर काळी एक. पेटी नसली तर मोबाइलवर तानपुऱ्याचं अॅप असतंय, त्यावर तेवढा सा ऐकून घ्या आणि सुरुवात करणाऱ्याच्या कानात तो बसू द्या. एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

दुसरं लय. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद. घड्याळ लावून बघा, आपण बहुतेक सव्वा मिनिट घेतो. भक्तिगीतासारखं ओढत बसतो, 'विधाऽऽऽता' आणि 'गंगाऽऽऽ' वर तर मुक्कामच. शाळेतली पोरं उलट, घंटा झालीय आणि डबा खायचाय अशा घाईत चाळीसात संपवतात. प्रॅक्टिस करताना एकजण हाताला ताल धरू दे, पायावर नको.

तिसरं तुमचा साऊंडवाला. त्याला सांगा इको बंद कर. पोवाड्याला लावलेला इको तसाच ठेवतो आणि मग म्हणणाऱ्याला स्वतःचाच शब्द मागनं परत ऐकू येतो, तो थांबतो, सगळ्यांची लय बिघडते. शिवाय मैदान मोठं असलं तर आवाजाला पोचायला वेळ लागतो, सेकंदाला साधारण ३४० मीटर, म्हणजे सत्तर मीटरवर उभ्या माणसाला शब्द सेकंदाच्या पाचव्या हिश्शानं उशिरा कळतो आणि तो तेवढा मागं पडतो. त्यामुळं पुढच्या रांगेचं म्हणून संपलं तरी मागची 'जय हे' म्हणत असतात, त्यांना शिव्या घालू नका, त्यांचा दोष नाही. मधे मधे चार-चार जाणती माणसं उभी करा आणि पुढच्या माणसाचा हात सगळ्यांना दिसू दे, हात बघून म्हटलं की एकत्र येतंय.

आणि एका चांगल्या गळ्याच्या पोरीच्या तोंडाशी माइक देऊन बाकीच्यांनी ऐकत उभं राहायचं हापण प्रकार नको. ती छान गाईल, हरकती घेईल, व्हिडिओ फिरंल, पण तो तिचा कार्यक्रम झाला. माइक आठ-दहा जणांच्या मधे स्टँडवर ठेवा. शनिवार-रविवार दोन संध्याकाळ तालमीतच बसा, पुरे.

प्रश्न : सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सोसायटीच्या झेंडावंदनाला हौसेनं खाली आल्या, खुर्चीत बसून होत्या, राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा उठता आलं नाही. एकानं फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली "ह्यांना देशापेक्षा खुर्ची प्यारी". सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. नियम खरंच काय आहे? — एक वाचक, कसबा बावडा

ताई, वाचून राग आला. नियम असा, राष्ट्रगीत चालू असताना जमलेल्यांनी सावधान उभं राहायचं. ज्याला उभं राहणं शक्यच नाही त्याच्यासाठी हा नियम नाही, दिव्यांगांना सूट द्यायची हे सुप्रीम कोर्टानंबी सांगितलंय आणि ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसाला ती लागू करायला कुठल्या कोर्टाची ऑर्डर कशाला पाहिजे. खुर्चीत ताठ बसल्या, हात मांडीवर, बोलल्या नाहीत, झाला मान.

आता त्या फोटोवाल्याचं. राष्ट्रगीत चालू असताना ह्या गृहस्थांनी मोबाइल काढला, कॅमेरा उघडला, नेम धरला आणि क्लिक केलं. ते स्वतः त्या वेळी सावधान होते का? एवढं एकच तुम्ही ग्रुपवर विचारा, जास्त काही लिहू नका. आणि सासूबाईंना सांगा येत्या १५ ऑगस्टला पहिल्या ओळीत खुर्ची टाकायची आणि झेंडा त्यांच्याच हातनं फडकवून घ्या, अध्यक्षांना मी सांगतो म्हणावं.

प्रश्न : आठवीच्या वर्गातला एक मुलगा राष्ट्रगीताला शांत उभा राहतो पण म्हणत नाही. घरच्या धर्माचं कारण सांगतो. एक-दोन पालक म्हणतात त्याला शाळेतनं काढा. — शिक्षिका, गडहिंग्लज भाग

बाई, हा प्रश्न देशात आधीच येऊन गेलाय आणि मिटलापण आहे. केरळात १९८५ मध्ये तीन भावंडांना ह्याच कारणानं शाळेतनं काढलं होतं, यहोवाज विटनेस पंथाची पोरं. रोज उभी राहायची, मान द्यायची, फक्त म्हणायची नाहीत. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, निकाल ११ ऑगस्ट १९८६. कोर्टानं सांगितलं की राष्ट्रगीत म्हणायलाच पाहिजे अशी सक्ती करणारा कायदा नाही, पोरं मानानं उभी राहत होती म्हणजे अनादर झाला नाही, त्यांना परत शाळेत घ्या.

मी वर सगळ्यांनी तोंड उघडा म्हणतोय ते खरं, पण तोंड उघडायला लावणं वेगळं आणि उघडावंसं वाटणं वेगळं. त्या पोराला काढायचं तर सोडाच, रांगेत वेगळंपण उभं करू नका. पालकांना निकालाचं नाव आणि साल सांगा, बहुतेक तिथंच विषय संपतोय. जे मुलगे तोंड नुसतं हलवतात आणि बोटांनी पुढच्याला गुदगुल्या करतात त्यांच्याकडं जरा बघा, ती संख्या मोठी असती असा माझा अनुभव.

प्रश्न : आमच्याकडं हलगी-घुमकं एक नंबर आहे. हलगीवर राष्ट्रगीत केलं तर चालंल का? जगात भारी होईल. — शिवाजी पेठ

भावा, हलगीवर सूर कुठला आणणार? ताल वाजंल आणि वर कोणतरी गाईल, म्हणजे राष्ट्रगीताला ठेका लावला असंच ते होणार. नको. राष्ट्रगीताची मान्य चाल एकच आहे, त्यात कडाडत्या हलगीला जागा नाही. हलगी पाहुणे येताना वाजवा, झेंडावंदन संपल्यावर तासभर वाजवा, पेठ दणाणू द्या.

पण ताल वाद्याचं एक काम आदेशातच दिलंय ते ऐका, तुम्हाला आवडंल. बँडवर राष्ट्रगीत वाजवायचं असंल तर आधी ड्रमचा रोल द्यायचा, लोकांना कळावं की आता सुरू होतंय. तो किती, तर स्लो मार्चची सात पावलं होतील एवढा. हळू सुरू करायचा, चढवत जेवढा मोठा करता येईल तेवढा करायचा, मग उतरवत आणायचा पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहिला पाहिजे. मग एक ठोका पूर्ण शांतता आणि मग राष्ट्रगीत. काय सुंदर विचार केलाय बघा. त्या एका ठोक्याच्या शांततेत सगळं मैदान श्वास घेतं. तुमच्यातला एखादा चांगला हलगीवाला साइड ड्रमवर बसवा, सात पावलांचा रोल त्याच्याकडनं घोटून घ्या, ही कामगिरी सोपी नाही. माइकवर "कृपया सर्वांनी सावधान, मोबाइल बंद करा, मागचे दादा ऐकतायत का" असली बडबड करायची गरजच राहत नाही.

प्रश्न : राष्ट्रगीताला काहीजण छातीवर हात ठेवतात, काही सॅल्यूट मारतात. बरोबर काय?

दोन्ही नको. गणवेशातल्या माणसांनी सॅल्यूट करायचा, बाकीच्यांनी झेंड्याकडं तोंड करून सावधान. हात छातीवर ठेवायची पद्धत अमेरिकेची, आपण मॅच आणि सिनेमे बघून उचलली. कोणी ठेवलाच तर गुन्हा नाही, हात ओढून खाली करायला जाऊ नका.

प्रश्न : थिएटरमध्ये उभं राहायचं का नाही ते एकदा सांगा, दरवेळी भांडण होतं.

आपल्या महाराष्ट्रात २००३ पासून थिएटरात राष्ट्रगीत लावायला लागले. मग ३० नोव्हेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टानं देशभर सक्तीचं केलं आणि ९ जानेवारी २०१८ ला तीच सक्ती काढली. म्हणजे थिएटरवाल्यानं लावलंच पाहिजे असं कोर्टाचं म्हणणं आता नाही. पण लावलं तर उभं राहायचं. सिनेमाच्या गोष्टीतच राष्ट्रगीत आलं तर मात्र उठायची गरज नाही, गृह मंत्रालयाच्या आदेशात तर डॉक्युमेंटरी आणि न्यूजरीलबद्दल स्पष्टच लिहिलंय की अशा वेळी उभं राहिल्यानं मान वाढण्याऐवजी गोंधळच होईल. तेव्हा पुढच्या रांगेतला बसून राहिला म्हणून पॉपकॉर्न फेकू नका.

प्रश्न : आमच्या नातवाला शाळेत "मंगलनायक" शिकवलंय. मी म्हणतो "मंगलदायक". कोण बरोबर?

आजोबा, तुम्ही. पहिल्या ओळीत 'अधिनायक' आहे त्यामुळं पुढं जीभ आपोआप नायकाकडं वळते. आणखी तीन ठिकाणी तपासा. 'उच्छल जलधि तरंग', त्याचं पोरं 'उच्चल' नाहीतर 'उज्वल' करतात. 'गाहे तव जयगाथा', 'गाये' नाही. आणि 'द्राविड', 'द्रविड' म्हटलं की क्रिकेटपटू आठवतो आणि मात्रापण कमी पडते. 'सिंध' शब्द काढा म्हणून एकजण सुप्रीम कोर्टात गेला होता, २००५ मध्ये तो अर्ज फेटाळला, त्यामुळं सिंध आहे तिथं आहे. हे सगळं एकदा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून पोरांकडनं नुसतं वाचून घ्या, चाल नंतर. चालीवर पाठ केलेली चूक म्हातारपणापर्यंत जात नाही.

प्रश्न : राज्यगीतपण म्हणायचं असतं ना? आधी कुठलं?

'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत म्हणून १९ फेब्रुवारी २०२३ पासून, शिवजयंतीला लागू झालं. राजा बढे यांचे शब्द, दोन कडवी घेतलीत. झेंडा फडकला की लगेच राष्ट्रगीत, मधे घोषणा नाही, हार नाही, फोटो नाही. ते पूर्ण झालं की मग राज्यगीत. आणि राज्यगीताची चाल चढी, लोकांना म्हणायला जोर येतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी राष्ट्रगीत पुटपुटतात आणि राज्यगीताला एकदम घसा मोकळा करतात. दोन्हीला सारखा घसा लावा. पट्टी मात्र बदला, राष्ट्रगीताच्याच सा वर राज्यगीत बसेलच असं नाही, मधे पेटीवाल्याला दोन सेकंद द्या.

प्रश्न : मंडळाच्या इतर कार्यक्रमांत, म्हणजे बक्षीस समारंभ, व्याख्यान वगैरे, राष्ट्रगीत सुरुवातीला घ्यावं का शेवटी? आमच्यात दोन गट पडलेत. — सेक्रेटरी, राजारामपुरी

असल्या खाजगी कार्यक्रमांना सुरुवात का शेवट असा काही कायदा नाही, भांडायचं तेवढं भांडा. आपल्याकडं शेवटी घ्यायची सवय जुनी आहे. पण मी सुरुवातीला घ्या म्हणेन, कारण साधं आहे. शेवटी काय होतं, आभार मानणारा वीस मिनिटं घेतो, तोवर मागची निम्मी माणसं चपला शोधायला गेलेली असतात, गाड्यांची बटणं दाबून कुठं लावलीय बघत असतात, स्टेजवर पाहुण्यांच्या हातात नारळ आणि शाल, आणि त्या गडबडीत सूत्रसंचालक ओरडतो "राष्ट्रगीतानं सांगता होईल", मग चालत असलेली माणसं मधेच दारात थबकतात, एक पाय आत एक बाहेर. ते बघवत नाही. १५ ऑगस्टला तर अजून एक, आपल्या कोल्हापुरात त्या दिवशी चौकाचौकात जिलेबीचे स्टॉल, वास येतोय, पोरांचं लक्ष कुठं असणार.

सुरुवातीला माणसं ताजी असतात, जागेवर असतात आणि उशिरा येणाऱ्याला एक धडापण मिळतो. दार बंद ठेवा तेवढा वेळ आणि दारावर एक समजूतदार माणूस उभा करा, दांडगा नको. शेवटीच घ्यायचा हट्ट असंल तर आभार प्रदर्शनाच्या आधी घ्या. आभार ऐकायला कोण थांबलं नाही तरी चालतंय.